वाचक विचारतात : जुन्या दुखण्याची चिठ्ठी

या वेळी चार पत्रं निवडली. विषय चौघांचा एकच निघाला : महिनोन्‌महिने न हटणारं दुखणं आणि त्यासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवलेली चिठ्ठी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात मी ३१ वर्षं जनरल प्रॅक्टिस केली. दवाखाना आता पुतणी बघते, मी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी बसते. अशा चिठ्ठ्या शेकड्यांनी लिहिल्या, आणि त्यातल्या बऱ्याच वाया गेल्या, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : मॅडम, निपाणीजवळच्या एका गावात माझा दवाखाना आहे, प्रॅक्टिसचं चौथं वर्ष. येणाऱ्यांत विड्या वळणाऱ्या बायका पुष्कळ. मान, खांदा, कंबर वर्षानुवर्षं धरलेली; रक्त, एक्स-रे ठीक. मी कोल्हापूरला किंवा बेळगावला पाठवतो. निम्म्या जातच नाहीत, उरलेल्या एकदा जाऊन येतात आणि पुन्हा माझ्याच दारात इंजेक्शनला उभ्या. पेन रिहॅबसाठी, म्हणजे जुनाट दुखण्याच्या पुनर्वसनासाठी, नेमकं कुणाला पाठवावं, कधी, आणि चिठ्ठीत काय लिहावं?

उत्तर : डॉक्टर, आधी माझी एक फजिती ऐका. वीसेक वर्षांमागची गोष्ट. जांबोटी भागातली एक बाई माझ्याकडे यायची. भाताच्या लावणीत कंबर धरली ती सुटलीच नाही. मी होतं तेवढं सगळं तपासलं, हाती काही लागेना. शेवटी एका मोठ्या रुग्णालयाच्या नावानं चिठ्ठी लिहिली आणि त्यात इंग्रजीतून 'फंक्शनल' असा शब्द घातला. तुम्हाला त्याचा अर्थ ठाऊक आहे : रचनेत बिघाड दिसत नाही, कामकाजात आहे. तिचा भाचा बारावीला होता. त्यानं चिठ्ठी उघडली, कुणाला तरी अर्थ विचारला आणि घरी येऊन सांगितलं, "मावशी, डॉक्टरीण म्हणते तू सोंग करायलीस."

बाई त्या रुग्णालयात गेली नाही आणि माझ्याकडेही आली नाही. पुढची दोन वर्षं तिनं मिरज केली, गोव्याला बांबोळी केली, तीन-चार हाडवैद्य केले. परत आली तेव्हा पिशवीत तीन एमआरआय होते आणि दुकानातून घेतलेल्या गोळ्यांनी जठरात व्रण झालेला. कंबर होती तशीच. त्या दिवसापासून अशी चिठ्ठी मी रुग्णासमोर बसून, मराठीत मोठ्यानं सांगत लिहिते. जे तिच्यासमोर बोलता येत नाही ते कागदावरही घालत नाही.

आता 'कधी'. आपण फार उशिरा पाठवतो. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, पट्टा झाला, सगळं संपलं की मग म्हणतो, जा आता पेन क्लिनिकला. रुग्णाला ते बरोबर कळतं : आपल्याला ओवाळून टाकलंय. तीन महिन्यांवर टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा येणारं दुखणं ते जुनाट, ही रेघ जगभर मानतात. पण कॅलेंडरापेक्षा मी तीन गोष्टी बघते. काम किती आटलं, झोप किती मोडली, गोळ्या किती वाढल्या. तुमच्या बायकांच्या बाबतीत तर मापही आयतं आहे. मजुरी हजारावर मिळते. दिवसाला हजार विड्या वळणारी बाई चारशेवर आली असेल तर तो आकडा एक्स-रेपेक्षा जास्त बोलतो. महिन्यात तिसऱ्यांदा ती फक्त 'सुई मारा' म्हणून आली, तर तोही निरोपच समजा.

इंग्लंडमधल्या कील विद्यापीठानं कंबरदुखीच्या रुग्णांसाठी ९ प्रश्नांची एक छोटी यादी केली आहे. तिच्यावरून रुग्णांचे तीन गट करायचे आणि गटाप्रमाणे उपचार द्यायचे. २०११ मध्ये त्यावरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, तीत नेहमीच्या पद्धतीपेक्षा याचा फायदा दिसला. त्या ९ पैकी शेवटचे ५ प्रश्न कंबर वाकते का, पाय उचलतो का असले नाहीतच. हालचालीची भीती वाटते का, डोक्यात सारखी काळजी असते का, हे कधी बरं होणार नाही असं वाटतं का, कशातच मन रमत नाही का, एकूण त्रास फार आहे का, असे आहेत. दोन मिनिटं लागतात. त्या पाचांतल्या चारांना 'होय' आलं, तर नुसत्या व्यायामाच्या कागदावर ती बाई बरी व्हायची नाही. तिला लवकर पाठवा.

पाठवण्याआधीचं काम मात्र आपलंच. बारीक ताप, घटलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारी कळ, पूर्वी झालेला कॅन्सर, दिवसेंदिवस लुळा पडत चाललेला पाय, यातलं काहीही असेल तर ती रिहॅबची रुग्ण नव्हे. आपल्या भागात मणक्याचा टीबी अजून दिसतो. विड्या वळणारी बारीक झालेली बाई समोर असेल तर तो मनात धराच. ईएसआर, साखर, थायरॉइड, बी-१२ एकदा बघून घ्या. एकदाच. 'खात्रीसाठी अजून एक एमआरआय' या वाक्यानं आपण तिला सांगत असतो की आमची स्वतःची खात्री नाही. बोलताना जीव नकोसा झालाय असं निघालं, तर कंबर बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत देऊन पाठवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो. माझ्या टेबलाच्या काचेखाली तो लिहून ठेवलाय.

चिठ्ठी एका पानाची पुरे. दुखणं किती दिवसांचं, काय काय करून झालं, कुठली गोळी किती दिवस आणि किती मिलिग्रॅम. 'पेनकिलर दिल्या' यानं समोरच्याला काही कळत नाही. दुकानातून आणलेल्या गोळ्या, काढे, मालिशची तेलं, कुणी कुणी दिलेलं स्टिरॉइड, तेही. झालेल्या तपासण्यांची यादी, म्हणजे तिथं त्याच परत होणार नाहीत. मग तिचं रोजचं जिणं : मांडीवर सूप घेऊन किती वेळ बसते, पाणी कोण भरतं, रात्री किती वेळा उठते. आणि एक ओळ तिच्या स्वतःच्या इच्छेची. "दुखणं जावं" ही इच्छा त्या ओळीत चालत नाही, कारण तिच्यावर काम करता येत नाही. माझ्या एका रुग्णाची ओळ होती, 'चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला नातवंडांबरोबर जायचंय आणि परत चालत बसस्टँडवर यायचंय.' तिथल्या फिजिओथेरपिस्टनं त्या एका ओळीवरून सहा आठवड्यांचं सगळं चालणं आखलं.

भाषेचं सांगायलाच हवं, कारण आपण सीमेवर बसलोय. रुग्ण मराठी, नर्स कन्नड, डॉक्टर कुठला तरी लांबचा, केसपेपर इंग्रजी. आपल्या बायका दुखण्याला किती शब्द वापरतात बघा : ठणकतं, कळ येते, चमक मारते, सणक जाते, रग लागते, मुंग्या येतात, आग होते, ओढल्यासारखं होतं. हे सगळं गर्दीच्या ओपीडीत कन्नडमधून जाताना एका 'नोवु'मध्ये जमा होतं. कन्नडमध्ये आगीला 'उरी' हा चांगला शब्द आहे, पण मध्ये बोलणाऱ्याला घाई असते. आग, मुंग्या आणि बधिरपणा म्हणजे नसेचं दुखणं असण्याचा संभव, आणि त्याची औषधं वेगळी; डायक्लोफेनॅकसारख्या नेहमीच्या वेदनाशामक गोळीवर ते ऐकत नाही. म्हणून तिचे शब्द चिठ्ठीत जसेच्या तसे, अवतरण चिन्हांत लिहा. समुपदेशक मराठी बोलणारा मिळावा, हेही लिहा. पोट धरून रडायची गोष्ट दुभाष्यातून सांगता येत नाही.

रुग्णाला काय सांगायचं, यावर माझी जीभ आता सरावली आहे. "तुझं दुखणं खरं आहे. शिरा फार जाग्या झाल्यात, त्यांना शांत करायला एकटी मी पुरत नाही. तिथं चार जण मिळून बघतात. दुखणं अगदी जाईल असं मी म्हणत नाही, पण तुझं काम आणि झोप परत मिळण्याची आशा आहे. आणि औषधाला तू माझ्याकडेच यायचंस. पुढच्या मंगळवारनंतरच्या मंगळवारी ये, काय झालं ते सांगायला." यातलं शेवटचं वाक्य बाकी सगळं विसरलात तरी विसरू नका. जाऊन पुन्हा दारात उभं राहिल्यावर तिला आपण नाराज होऊ असं वाटतं. तारीख दिली की ती हक्कानं येते.

पदरात काय पडेल तेही खरं सांगा. जुनाट कंबरदुखीवर अनेक शाखांनी मिळून केलेल्या अशा पुनर्वसनाच्या ४१ चाचण्या, ६,८५८ रुग्ण, एकत्र करून २०१४ मध्ये तपासले गेले. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत दुखणं दहापैकी साधारण अर्धा ते दीड अंकानं कमी झालं. रोजची कामं थोडी जास्त जमू लागली, आणि नुसत्या शारीरिक उपचारांपेक्षा कामावर परतणारे जास्त निघाले. एवढंच? होय, एवढंच. पण आठावरून साडेसहावर येणं म्हणजे काय, ते रात्रभर कूस बदलणाऱ्या माणसाला विचारा.

राहता राहिला प्रश्न, पाठवायचं कुठं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९७४ पासून यासाठी वेगळा विभाग आहे; रुग्ण तीन आठवडे रोज दिवसभर जातो, व्यायाम, समुपदेशन, औषधं कमी करणं, घरच्यांशी बोलणं सगळं एका छपराखाली. आपल्याकडे असं एकसंध काम मोठ्या शहरांतही मोजकंच आहे. बेळगावात आपल्याला ते जोडून घ्यावं लागतं. बिम्स या सरकारी रुग्णालयात काय किंवा जेएनएमसी या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात काय, हाडांचा विभाग, भूलतज्ज्ञ, फिजिओथेरपी आणि मानसोपचार एकाच आवारात असतात. प्रत्येक जण आपापल्या खोलीत चांगलं काम करतो. या खोलीतलं त्या खोलीला सांगणारा कुणी नसतो. ते काम तुमच्या त्या मंगळवारच्या तारखेला होतं, तुमच्या दवाखान्यात, चहाच्या वेळेत. त्याची फी लावता येत नाही, हे मान्य.

प्रश्न : डॉक्टरबाई, माझे मिस्टर उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डिंगला आहेत, वय ४३. लग्नाआधी तालमीतले पैलवान. चार वर्षं कंबर दुखायलीय. एमआरआयमध्ये मणक्यांमधल्या दोन गाद्या फुगल्यात म्हणतात, पण ऑपरेशनची गरज नाही असंही म्हणतात. आता मोठ्या डॉक्टरांनी फिजिओथेरपीबरोबर मानसोपचाराचीही चिठ्ठी दिली. तेव्हापासून हे घरात बोलत नाहीत. "मी काय खुळा झालोय काय?" एवढंच म्हणतात. कसं समजावू?

उत्तर : वहिनी, त्यांना आधी एका पैलवानाची गोष्ट सांगा. माझं नाव घेऊन सांगितलीत तरी चालेल.

जॉन बोनिका. १९१७ साली इटलीच्या एका छोट्या बेटावर जन्म, लहानपणी अमेरिकेत आला. डॉक्टरकीच्या शिक्षणाला पैसा हवा म्हणून कुस्त्या खेळू लागला, कधी तोंडावर मुखवटा चढवून. १९४१ मध्ये त्याच्या वजनगटाचं जगज्जेतेपदही त्यानं घेतलं. पुढं भूलतज्ज्ञ झाला. महायुद्धात लष्करी इस्पितळात जखमी जवान बघायचा आणि त्याच्या लक्षात आलं, की जखम भरल्यावरही ज्यांचं दुखणं हटत नाही त्यांच्यापुढं एकटा डॉक्टर हात टेकतो. मग अशा रुग्णांसाठी तो वेगवेगळ्या विषयांच्या डॉक्टरांना एकत्र बसवू लागला. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९६० नंतर त्यानं जो दवाखाना उभा केला त्यात भूलतज्ज्ञ, हाडांचे, नसांचे आणि मनाचे डॉक्टर एकाच टेबलाशी बसत. आज जगभर पेन क्लिनिक म्हणून जे चालतं त्याचं मूळ तिथं. आणि स्वतः बोनिकाचे खांदे, कंबर, कंबरेचे सांधे कुस्त्यांनी खिळखिळे झाले होते. किती ऑपरेशनं झाली, दुखणं जन्मभर सोबत राहिलं. मनाच्या डॉक्टरला टेबलाशी बसवणारा हा माणूस कुणाला खुळा ठरवत नव्हता. आखाड्यात अंग मोडून घेतलेला माणूस होता तो.

मन आणि कंबर यांचा संबंध कसा, ते आमच्या खानापूरच्या भाषेत सांगते. जंगलाकडेच्या शेतात रात्री माळ्यावर राखण बसते. एकदा गव्यांचा कळप आत शिरला आणि उभं पीक तुडवून गेला, की पुढं महिनाभर तो राखणदार पाचोळा वाजला तरी उठून बोंब मारतो. बेडकानं उडी मारली तरी डबा बडवतो. गवा आलेला नसतो, पण बोंब खोटी नसते. सगळी वस्ती खरीच जागी होते. तुमच्या यजमानांच्या कंबरेला चार वर्षांपूर्वी खरंच काही तरी झालं असणार. ते भरून आलं, पण राखणदार झोपायला तयार नाही. झोप अपुरी, कंत्राटाची काळजी, वाकलो तर गादी फुटेल ही भीती, या सगळ्यानं तो आणखी चाळवतो. मानसतज्ज्ञ या राखणदाराशी बोलतो. श्वास, झोप, भीती आणि ज्या हालचाली टाळल्यात त्या हळूहळू परत करणं, असं त्याचं काम असतं. वेड्यांचा डॉक्टर ही आपली जुनी समजूत.

फुगलेल्या गाद्यांचं भय घालवायला एक आकडा. २०१५ मध्ये अमेरिकेत ३३ अभ्यास एकत्र करून बघितले, सगळे कंबर न दुखणाऱ्या माणसांचे. पन्नाशीच्या शंभरांतल्या साठांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. विशीतल्या शंभरांतल्या तिसांच्यासुद्धा. म्हणजे तुमच्या आळीतल्या, पायरीवर बसून पान चघळणाऱ्या सगळ्यांचा एमआरआय काढला तर तोच रिपोर्ट कितीकांच्या हातात येईल. 'फुगली' म्हणजे 'फुटणार' नव्हे, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.

पण एक सांगते, या बाबतीत मात्र थांबायचं नाही : लघवी अडली किंवा नकळत झाली, बसायच्या जागी बधिर वाटू लागलं, पायातली ताकद गेली, तर चिठ्ठ्या बाजूला ठेवून त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा.

आणि आता तुमच्याबद्दल. राग मानू नका. दिवसातून दहा वेळा "दुखायलंय काय?" विचारू नका. ते आडवे पडले की चहा, पाय दाबणं, पोरांना गप्प बसवणं. उठून दाराशी गेले की कुणाचं लक्ष नाही. बोनिकाच्याच विद्यापीठात फोर्डाइस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं हे पहिल्यांदा नीट हेरलं, की घर माणसाला प्रेमानंच अंथरुणाला बांधतं. चहा द्या, पण फिरून आल्यावर द्या. पहिल्या दिवशी चिठ्ठी घेऊन बरोबर जा, आत शिरल्यावर त्यांच्या वतीनं उत्तरं देऊ नका. पैलवान गडी आहे, बोलेल. नाही बोलला तर दुसऱ्या वेळी बोलेल.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त. गुडघे आणि कंबर. बरं वाटलं की पहाटे उठून राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत चालत जातात, मग तीन दिवस पलंगावर. फिजिओथेरपीला चला म्हटलं तर म्हणतात, "व्यायाम मला कोण शिकवणार?" ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, असं पाठवतात का? — एक मुलगा, येळ्ळूर

उत्तर : ईसीएचएसचं काम पॉलीक्लिनिकमधून चालतं. थेट खासगी रुग्णालयात जाण्याआधी सहसा पॉलीक्लिनिकच्या डॉक्टरांकडून रेफरल लागतो; वडिलांच्या वयाला त्यात काही सूट आहे का, ते तिथंच विचारून घ्या. तेव्हा पहिली खेप तिथं, कार्ड, जुने रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन. रिकामी पाकिटंसुद्धा.

व्यायाम कोण शिकवणार म्हणतात ते खरंच आहे. त्यांना थांबायला शिकवायचंय, आणि फौजेत तेवढं एकच शिकवत नाहीत. बऱ्या दिवशी गड गाठायचा आणि वाईट दिवशी पलंग, यात महिन्याची बेरीज काढलीत तर चालणं दर महिन्याला घटत गेलेलं दिसेल. त्यांना आठ दिवस एक डायरी लिहायला सांगा, रोज किती मिनिटं चाललो. सुभेदाराला डायरी ठेवायला आवडेल. आठ दिवसांची सरासरी काढा आणि तिच्यातला पाचवा हिस्सा वजा करा. सोळा मिनिटं उरली तर रोज सोळाच. बरं वाटलं तरी सोळा, कंटाळा आला तरी सोळा, थोडं दुखलं तरीही सोळा. दुखणं सांगेल तेव्हा थांबायचं नाही, घड्याळ सांगेल तेव्हा थांबायचं. आठवड्यानं मिनिट-दोन मिनिटं वाढवायची. छातीत भरून आलं, दम लागला तर अर्थात थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा; ती गोष्ट वेगळी.

हे 'फिजिओथेरपी' म्हणून सांगू नका. 'रूट मार्चचं नवं टाइमटेबल' म्हणून सांगून बघा. माझ्या सख्ख्या काकांवर मी हीच युक्ती केली होती. ते आर्टिलरीतले होते, पंधरा दिवस मला शिव्या दिल्या आणि मग पावसाळाभर छत्री घेऊन वेळ लावून चालले.

प्रश्न : आमचं गाव खानापूर तालुक्यात, महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीतलं. आईला सात वर्षं सगळं अंग दुखण्याचा आजार आहे. महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेत किंवा इकडच्या आयुष्मान कार्डावर हे पेन रिहॅब बसतं का? आम्हाला कोल्हापूर, मिरज, बेळगाव यातलं कुठं न्यावं?

उत्तर : या योजना मुख्यतः यादीतल्या शस्त्रक्रिया आणि भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. ओपीडीतला व्यायाम, समुपदेशन, आठवड्याची फेरी यांना त्या धरून चालू नका. अर्ज भरायच्या आधी रुग्णालयातल्या योजनेच्या खिडकीवर विचारून घ्या. आणि कार्ड हातात आहे म्हणून भरती करून घ्यायचा आग्रह धरू नका. अंगभर दुखणाऱ्या आईला पलंगावर आठ दिवस झोपवलं तर नवव्या दिवशी ती जास्त आखडलेली उठेल. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीचा खर्च असा फार नसतो. खरा खर्च जाण्यायेण्याचा आणि बुडलेल्या मजुरीचा.

म्हणूनच माझं मत बेळगाव. मिरज आणि कोल्हापूर चांगलीच आहेत, आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिकडे जातात. पण या आजारात एकदा जाऊन भागत नाही, सहा-आठ खेपा होतात. तिसऱ्या खेपेला पैसे संपले की सगळं तिथंच सुटतं. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या बसगाड्यांत राज्याच्या आत तिकीट लागत नाही. खानापूर ते बेळगाव आई फुकट जाईल. तुम्हाला तिकीट पडेल, म्हणून शक्य तर बहिणीला किंवा बायकोला सोबत पाठवा.

ओपीडीला पोचायला सकाळी नऊची वेळ धरा. आईचं आधार कार्ड वरच्या कप्प्यात ठेवा, कंडक्टर ते बघून शून्याचं तिकीट फाडतो. खिडकीशी नको, कडेच्या सीटवर बसवा, म्हणजे मधे मधे दांडा धरून उभं राहता येईल. तासाभराचा रस्ता आहे, सलग बसून गेली तर उतरतानाच कंबर धरेल आणि डॉक्टरांसमोर तिचा सगळा वेळ त्या बसच्या दुखण्यातच जाईल.